पंचांच्या खिशातले औषध



दिवाळी सरते, भातकापणी उरकते आणि आपल्या वसई-विरार परिसरात कबड्डीचे वारे वाहू लागतात. अर्नाळा-आगाशीपासून कामण-जूचंद्रपर्यंत गावोगावी मैदाने आखली जातात, दिव्यांचे खांब उभे राहतात, मंडळांचे फलक झळकतात. डिसेंबरअखेरीस वसई तालुका कला-क्रीडा महोत्सव येतो. पुढे माघी गणपती, शिवजयंती, गावदेवीची जत्रा अशी निमित्ते निघत राहतात आणि होळीपर्यंत एखादा शनिवार क्वचितच रिकामा जातो. या दिवसांत माझ्या दवाखान्यातील सोमवारच्या गर्दीचाही रंग पालटतो. सर्दी-तापाच्या रुग्णांमध्ये खांदा धरून, घोटा सुजवून, भुवईवर पट्टी चिकटवून आलेली धट्टीकट्टी मुले दिसू लागतात.

सुजलेल्या घोट्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. तो दुखतो, म्हणूनच तो खेळाडूला घरी बसवतो. मला धास्ती वाटते ती कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाची. त्याच्या वतीने त्याचा मित्रच बोलतो, ‘डॉक्टर, याला काल डोक्याला थोडं लागलंय. संध्याकाळी फायनल आहे. एखादं इंजेक्शन द्या, म्हणजे उतरेल मैदानात.’ अशा मुलाला काल किती गुणांनी जिंकलात असे विचारले, तर तो मित्राच्या तोंडाकडे पाहतो. हा मुलगा मैदानात जाता कामा नये, हे वैद्यकीय सत्य आहे. परंतु त्याला झालेली इजा ज्या पकडीने झाली, त्या पकडीवर पंचांनी काय केले, हाही तितकाच वैद्यकीय प्रश्न आहे, असे मला दिवसेंदिवस अधिक पटू लागले आहे. या पंधरवड्यात त्याविषयीच आपल्याशी बोलावे म्हणतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कबड्डीच्या विरोधात नाही. पायात बूट नसले तरी चालते, साहित्य लागत नाही, दम आणि चपळाई दोन्ही कसाला लागतात, असा हा आपल्या मातीतला खेळ आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो जगाला दाखवला. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि हा खेळ घराघरांतील दूरचित्रवाणीवर पोहोचला. पुढे खेळाडूंवरील बोली कोटीच्या घरात गेली. साहजिकच आज आपल्या गावातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कबड्डीकडे नोकरी, नाव आणि पैसा मिळवून देणारा मार्ग म्हणून पाहतो. ते स्वप्न चांगलेच आहे. त्या स्वप्नाला सांभाळणारे डोके शाबूत राहावे, एवढेच माझे म्हणणे.

डोक्याला धोका कोठून येतो?

रस्त्यात ठेच लागली तर माणूस नकळत दोन्ही हात पुढे करतो. मनगट मोडेल, पण डोके वाचेल, अशी ही निसर्गाने दिलेली ढाल आहे. कबड्डीत पकड झालेल्या चढाईपटूचे हात बहुधा अडकलेले असतात. एकाने घोटा धरला, दुसऱ्याने कमरेला मिठी मारली, तिसरा अंगावर कोसळला, तर पडताना हात टेकायला जागाच उरत नाही. मग जमिनीवर प्रथम टेकते ते डोके किंवा तोंड. दोन बाजूंनी एकाच वेळी डॅश बसला, तर शरीर एका दिशेला आणि मान दुसऱ्या दिशेला झटकली जाते. बचावपटूही सुरक्षित नसतो. घोटा धरण्यासाठी तो झेपावतो, तेव्हा त्याचा चेहरा नेमका चढाईपटूच्या गुडघ्याच्या उंचीवर येतो.

यात भर पडते ती जमिनीची. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. गावातली मऊ केलेली माती चांगली असते. परंतु आपल्या शहरात मोकळी माती आटत चालली आहे. अनेक मुले सराव करतात तो शाळेच्या टणक पटांगणावर किंवा गृहसंकुलातील पेव्हर ब्लॉकवर. तेथे झालेली साधी पकडही घातक ठरू शकते.

डोके आपटले की कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. नाजूक पेशींवर ताण पडतो आणि काही काळ त्यांचे कामकाज विस्कळीत होते. वैद्यकशास्त्र याला कंकशन म्हणते. आपण त्याला मेंदूचा हादरा म्हणू. या हादऱ्याविषयी तीन गैरसमज मी नेहमी ऐकतो.

पहिला गैरसमज असा की, शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झाले नाही. वस्तुतः हादरा बसलेल्या बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध हरपतच नाही. ते उठतात, अंग झटकतात, खेळतातही. डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, उजेड व आवाज नकोसा वाटणे, विसरणे, गोंधळणे, उगाच चिडणे किंवा रडू येणे ही त्याची लक्षणे असतात. काही वेळा ती काही तासांनी उमटतात.

दुसरा गैरसमज सीटी स्कॅनचा. ‘स्कॅन नॉर्मल आला, आता खेळायला हरकत नाही ना?’ असे पालक विचारतात. सीटी स्कॅनमध्ये कवटीचे हाड मोडल्याचे किंवा आत रक्तस्राव झाल्याचे दिसते. हादरा हा मेंदूच्या कामातला बिघाड असल्याने तो या चित्रात उमटत नाही. स्कॅन नॉर्मल असणे ही आनंदाची बातमी आहे, पण तो मैदानात उतरण्याचा परवाना नव्हे.

तिसरा गैरसमज सर्वांत महाग पडतो. एकदा लागले, आता दुसऱ्यांदा थोडेच लागणार, असे मानले जाते. प्रत्यक्षात हादरलेला खेळाडू अंमळ मंद झालेला असतो. त्याची नजर, तोल आणि प्रतिक्रिया मागे पडते, म्हणून त्याला पुन्हा लागण्याची शक्यता वाढते. पहिला हादरा विरण्यापूर्वी दुसरा बसला, तर बरे होण्याचा काळ खूप लांबतो. क्वचित प्रसंगी, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन प्राणावरही बेतते.

नियम आहेत, मग अडते कोठे?

कबड्डीचे नियमपुस्तक या बाबतीत मुळीच मुके नाही. चढाईपटूला धडाला किंवा हातापायांनाच धरावे, अन्यत्र नव्हे. तोंड दाबून वा गळा आवळून त्याचा दम तोडणे, इजा होईल अशा हिंसक रीतीने त्याला पकडणे, पायांची कैची घालून त्याला अडवणे हे सारे निषिद्ध आहे. पंचांच्या खिशात तीन कार्डे असतात. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाद. ही तीन कार्डे माझ्या लेखी औषधाच्या तीन मात्रा आहेत. आजार होण्यापूर्वी द्यायच्या, म्हणजे प्रतिबंधक.

अडते ते मात्रा देण्यात. सकाळच्या सामन्यात ज्या पकडीला पिवळे कार्ड मिळाले, तशीच पकड रात्रीच्या अंतिम सामन्यात झाली, तर शिटीसुद्धा वाजत नाही, कारण मैदानाभोवती हजारभर माणसे उभी असतात. पाहुण्या संघाच्या अनोळखी मुलाला ताबडतोब ताकीद मिळते, गावच्या लाडक्या खेळाडूला हसून ‘जरा जपून’ एवढेच सांगितले जाते. आणि सर्वांत मोठी विसंगती अशी की, खाली पडलेला खेळाडू उठला तर कार्ड राहते खिशात, तो उठला नाही तर ते बाहेर निघते. म्हणजे शिक्षा कृत्याला न होता परिणामाला होते.

पंचांना दोष देणे सोपे आहे. ते बहुधा आपल्यासारखेच नोकरदार, माजी खेळाडू, खेळावरील प्रेमापोटी रात्र जागवणारे असतात. निर्णय क्षणार्धात द्यायचा असतो. प्रायोजक, आयोजक आणि प्रेक्षक या तिघांचा दाब खांद्यावर असतो. त्यामुळे हा एखाद्या पंचाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा आहे. आणि ही अडचण केवळ आपल्या गावची नाही. जगातील अत्यंत श्रीमंत क्रीडासंघटनाही तीत अडकल्या आहेत.

बर्फावरचा धडा

अमेरिका आणि कॅनडा येथे व्यावसायिक आईस हॉकी खेळली जाते. बर्फाच्या मैदानावर खेळाडू प्रचंड वेगाने घसरत येतात आणि अंगाने धडक देणे हा खेळाचाच भाग आहे. शिरस्त्राणे असतात, संघाचे डॉक्टर असतात, प्रत्येक कोनातून चित्रण होते. तरीही तेथे काय घडले पाहा.

७ मार्च २०१० रोजी नॅशनल हॉकी लीगच्या एका सामन्यात पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डला बेसावध असताना खांद्याने डोक्यावर धडक दिली. सॅव्हार्डला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. कुकला ना त्या सामन्यात शिक्षा झाली, ना नंतर बंदी आली, कारण बाजूने येऊन खांद्याने डोक्यावर धडकण्याला मनाई करणारा नियमच तोवर नव्हता. त्यावरून गदारोळ उठला आणि २०१०-११ च्या हंगामापासून अशा धडकेवर बंदी घालणारा नियम पुस्तकात आला. सॅव्हार्ड पुन्हा मैदानात उतरला, पण जानेवारी २०११ मध्ये त्याला आणखी एक हादरा बसला आणि त्यानंतर तो लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. तो तेव्हा ३३ वर्षांचा होता.

त्याच महिन्यात, त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू सिडनी क्रॉस्बी याच्या डोक्याला १ जानेवारीच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा जोरदार धक्का बसला. धक्का देणाऱ्याला शिक्षा झाली नाही. क्रॉस्बी पुढच्या सामन्यातही खेळला आणि ५ जानेवारीला पुन्हा आदळला. त्यानंतर मेंदूच्या हादऱ्याचे निदान झाले. तो मैदानात परतला तो थेट २१ नोव्हेंबरला. ज्याच्या दिमतीला उत्तम वैद्यकीय सेवा होती, त्या खेळाडूची ही कथा. आपल्या गल्लीतील मुलाचे काय, याचा विचार आपणच करावा.

पुढे २०११ मध्ये लीगने खेळाडूंच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग स्थापला. बंदी घातली की ती का घातली, हे चित्रफितीद्वारे समजावून सांगण्याची पद्धत सुरू झाली. हे पाऊल निश्चितच स्तुत्य होते. तरीही सारख्याच धडकेला एकदा दोन सामन्यांची बंदी आणि दुसऱ्यांदा काहीच नाही, ही तक्रार थांबलेली नाही. याचे एक कारण शिक्षेच्या निकषांतच दडले आहे. समोरच्याला इजा झाली की नाही, हाही तेथे शिक्षा ठरवण्याचा एक निकष आहे. त्यामुळे जाड मानेचा खेळाडू धडक सोसून उठला, तर धडक देणारा सौम्य शिक्षेवर सुटण्याची शक्यता वाढते. दरम्यान, मेंदूवरील परिणामांविषयी निवृत्त खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली. २०१८ मध्ये ३१८ माजी खेळाडूंशी सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड झाली. लीगने मात्र आपली जबाबदारी मान्य केली नाही.

या दूरच्या कथेतून मला आपल्यासाठी एक साधी गोष्ट सापडते. महामार्गावर उलट दिशेने मोटारसायकल हाकणाऱ्याला अपघात झाला तरच दंड करायचा, असे वाहतूक पोलिसांनी ठरवले, तर काय होईल? रोज शेकडो जण उलटे येतील आणि वाचलेला प्रत्येक जण स्वतःला कुशल चालक समजेल. आपल्या बचावपटूंना आपण नेमके हेच शिकवत आहोत. मान धरून आपटले, समोरचा उठला, गुण मिळाला, टाळ्या पडल्या, तर ती पकड त्या मुलाच्या अंगवळणी पडते. दहाव्यांदा समोरचा उठत नाही. त्या दहाव्या पकडीला लाल कार्ड देऊन आधीच्या नऊ पकडींची भरपाई होत नाही.

रक्तदाबाची गोळी आठवण झाली तेव्हा घेतली, तर तिचा उपयोग होत नाही, हे आपण जाणता. मात्रा लहान असली तरी ती रोज, वेळेवर लागते. पंचांचे कार्डही तसेच आहे. शिक्षा कठोर असण्यापेक्षा ती ठरलेली असणे अधिक गुणकारी आहे. मानेला हात गेला की हिरवे कार्ड, समोरचा उठो वा न उठो, सामना पहिला असो वा शेवटचा, खेळाडू आपला असो वा परका. दोन-तीन सामन्यांत मुले आपोआप हात खाली आणतील, कारण दोन मिनिटे संघ एका खेळाडूने तोकडा होणे कोणत्याच प्रशिक्षकाला परवडत नाही.

मैदानावर काय करावे?

आता आपल्या हाती असलेल्या गोष्टींकडे वळू. मुलाचे किंवा मुलीचे डोके आपटले आणि ते उठले, तरी त्याला बाजूला घेऊन साधे प्रश्न विचारावेत. आपण आता कोणत्या मैदानावर आहोत? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी मिळवला? मागचा सामना कोणाशी झाला? तो जिंकलात का? एक जरी उत्तर चुकले, चालताना तोल गेला, नजर शून्यात लागली, तर त्या दिवसाचा खेळ संपला. उत्तरे बरोबर आली, पण डोके दुखते, गरगरते किंवा मळमळते म्हणाला, तरीही त्या दिवसाचा खेळ संपला. शंका असेल तर बाहेर, हाच नियम. कबड्डीत सात खेळाडू मैदानात असतात आणि राखीव खेळाडू बाहेर तयार बसलेले असतात. दुखावलेल्याला बदलण्याची सोय नियमातच असताना त्याला खेळवण्याची गरज काय?

खेळाडू बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर त्याला हातपाय धरून उचलू नये. डोके व मान एका रेषेत स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात पाणी ओतू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. मान चोळू वा मोडू नये.

डोक्याइतकीच छातीची काळजीही हवी. जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात कबड्डीचा सामना चालू असतानाच एक तरुण चढाईपटू पडला, प्रतिस्पर्ध्याचा गुडघा त्याच्यावर आदळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने निरोगी हृदयाचे ठोकेही बिघडून थांबू शकतात. खेळाडू कोसळला, हाक मारल्यावर ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसले, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. हे कौशल्य तासाभरात शिकता येते. प्रत्येक मंडळातील चार जणांना ते यायलाच हवे.

घरी आल्यावर

पहिले २४ तास मुलाला एकटे सोडू नये. डॉक्टरांनी तपासले असेल आणि लक्षणे वाढत नसतील, तर त्याला झोपू द्यावे. रात्रभर दर तासाला उठवून छळण्याची आवश्यकता नसते. दुखण्यासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते. पहिले दोन दिवस मोबाइल आणि टीव्ही कमीत कमी ठेवावा. दुचाकी चालवू देऊ नये.

पुढीलपैकी एकही खूण दिसली, तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे:

• डोकेदुखी वाढत जाणे किंवा वारंवार उलट्या होणे
• गुंगी वाढणे, नीट जागे न होणे, झटके येणे
• बोलणे अडखळणे, एकाची दोन चित्रे दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे
• हात किंवा पाय बधिर वा लुळा पडणे, मान तीव्रतेने दुखणे
• नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे
• अनोळखी वाटावे असे विचित्र, बेभान वागणे

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. कवटीच्या आत रक्तस्राव होत असताना काही रुग्ण मधले काही तास अगदी ठीक दिसतात, बोलतात, जेवतात आणि नंतर झपाट्याने खालावतात. म्हणून ‘आता बरा आहे’ या शब्दांवर पहिल्या रात्री फार विसंबू नये.

मैदानावर परतण्याची वाट पायरीपायरीची आहे. पहिला एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती. याचा अर्थ अंधाऱ्या खोलीत पडून राहणे नव्हे, घरातल्या घरात हिंडणे-फिरणे चालते. मग चालणे आणि सावकाश धावणे. मग एकट्याने पदलालित्याचा सराव. त्यानंतर संघाबरोबर, परंतु पकडीशिवाय सराव. येथे थांबून डॉक्टरांची संमती घ्यावी. ती मिळाल्यावरच पकडीसह सराव आणि सर्वांत शेवटी सामना. प्रत्येक पायरीवर किमान एक पूर्ण दिवस काढावा. त्रास पुन्हा उद्भवला तर एक पायरी मागे यावे. मुलांना यासाठी महिनाभरही लागू शकतो. आधी शाळेतला अभ्यास त्रासाविना जमला पाहिजे, मग खेळ. हा क्रम मोडू नये.

मुलींच्या पालकांना एक वेगळी विनंती आहे. आपल्याकडे मुली आज मुलांच्या बरोबरीने कबड्डी खेळतात, याचा अभिमान वाटतो. परंतु डोके दुखते असे घरी सांगितले, तर खेळच कायमचा बंद होईल, या भीतीने काही मुली त्रास लपवतात. तपासताना आईला क्षणभर बाहेर बसवले, की खरे सांगतात. ‘तू बरी झालीस की पुन्हा खेळशील’, हे आश्वासन आपण आधीच देऊन ठेवले, तर ती लपवणार नाही.

आयोजकांना विचारण्याचे प्रश्न

मुलाचे नाव स्पर्धेत नोंदवताना आपण प्रवेश शुल्क विचारतो, बक्षिसाची रक्कम विचारतो. त्याबरोबर आणखी चार प्रश्न विनम्रपणे विचारावेत. प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती आणि एक वाहन शेवटचा सामना संपेपर्यंत मैदानावर थांबणार आहे का? कोणत्या पकडीला कोणते कार्ड, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वी पंच सर्व संघांना एकत्र बोलावून सांगणार आहेत का? डोक्याला लागलेल्या खेळाडूला बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार कोणाला आहे? तो कर्णधार, प्रशिक्षक किंवा वडील यांच्यापैकी कोणालाही नसावा, कारण या तिघांनाही सामना जिंकायचा असतो. आणि चौथा प्रश्न, दिलेल्या कार्डांची वही ठेवली जाते का? सकाळी लाल कार्ड मिळालेला खेळाडू संध्याकाळी कोऱ्या पाटीने उतरत असेल, तर त्या कार्डाने काय साधले?

या चारही गोष्टींना फारसा खर्च नाही. ढोल-ताशांवर आणि स्वागत कमानींवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत तर नाहीच नाही. मंडळांचे कार्यकर्ते आपलेच शेजारी असतात. चार पालकांनी एकत्र जाऊन विचारले, तर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे. एका मंडळाने माझ्या सांगण्यावरून पंचांची पाच मिनिटांची पूर्वसूचना सुरू केली. पुढील वर्षी शेजारच्या मंडळानेही ती उचलली.

शेवटी प्रेक्षक म्हणून आपली जबाबदारी. चढाईपटूला उचलून आपटले की मैदानाभोवती जो जल्लोष होतो, तो त्या बचावपटूच्या कानात पुढचे आठ दिवस घुमत असतो. त्याच आवाजाला पंचही बिचकतात. घोट्याची स्वच्छ पकड, वेळेवर जोडलेली साखळी, समोरच्याला इजा न करता मिळवलेली अव्वल पकड यांना आपण भरभरून दाद द्यावी. मानेला हात गेला आणि पंचांनी आपल्याच गावच्या खेळाडूला कार्ड दाखवले, तर हुर्यो न उडवता त्यांच्या पाठीशी उभे राहावे. त्या कार्डाने समोरच्या संघातील मुलगा वाचतो आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात आपला मुलगा वाचतो.

या हंगामात आपल्या घरातील कोणी मैदानात उतरणार असेल, तर वर दिलेल्या धोक्याच्या खुणा वहीच्या पानावर उतरवून घ्याव्यात आणि ते पान प्रशिक्षकांच्या हाती द्यावे. आणि डोक्याला लागल्यावर सोमवारी माझ्यासारख्या एखाद्या डॉक्टरकडे मुलाला घेऊन याल, तेव्हा संध्याकाळच्या सामन्याचे इंजेक्शन मागू नये. तसे इंजेक्शन कोणाकडेही नाही. त्याऐवजी विचारावे, ‘डॉक्टर, हा पूर्ण बरा होऊन कधी खेळेल?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला फार आनंद होतो.